हैबतीची शतपावली

एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. बैल म्हणावं तर बैलाला राग यावा, इतका भोळा. एका बैठकीला बारा भाकऱ्या हाणायचा आणि मग पोट धरून लोळायचा. असल्या पोटदुख्याला पोरगी कोण देणार, या घोरानं त्याची आई अर्धी झाली होती. शेवटी वैद्यबुवांनी सांगितलं, जेवलास की शतपावली कर, शंभर पावलं चाल.

हैबती जेवला आणि नाकासमोर निघाला. शंभरावं पाऊल कुंभाराच्या ओल्या मडक्यांत पडलं. पुढचं काही बुवांनी सांगितलं नव्हतं, म्हणून तो तिथंच आडवा झाला. कुंभारानं त्याला काठीनं उठवलं. आई म्हणाली, "मेल्या, पन्नास पावलं जायचं अन् पन्नास पावलांत परत यायचं."

हैबतीनं खूणगाठ बांधली. दुसऱ्या दिवशी आईनं त्याला शेजारच्या वाडीला मामाकडं पिटाळलं. मामानं एक स्थळ पाहिलं होतं, म्हणून मामाला बोलावून आणायचं होतं. हा पन्नास पावलं गेला आणि परत आला.

"मामा भेटला?"

"पन्नास पावलांत तरी नव्हता."

आईनं कपाळावर हात मारला. काम फत्ते होईस्तोवर पुढंच चालायचं, मागं फिरायचं नाही, असं तिनं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मध्येच त्याला ताप आला. आठ दिवस वाटीभर पेजेवर होता, अंथरुणातून हलला नाही. पोट एकदाही दुखलं नाही. बुवा खूश झाले. म्हणाले, "बघ, तुझं दुखणं भाकरीत आहे. कमी जेव."

हैबतीला बुवांची कीवच आली. "बुवा, आधीच्या शतपावल्यांचा गुण आत्ता लागला," तो म्हणाला.

वर त्यानं डोकंही चालवलं. शतपावली करायची जेवल्यावर. म्हणजे जेवणं वाढवली की शतपावल्या वाढणार, आणि तब्येत ठणठणीत होणार. ताप उतरताच तो दिवसातून सहादा जेवू लागला. पोट सहादा दुखू लागलं. पावलं मोजताना चुकत असेन, असं त्याला वाटलं.

आईनं तरीही हातापाया पडून त्याचं लग्न जमवलं. मुलगी गोदा, शहाणीसुरती. लग्नाच्या दिवशी नवरानवरीनं उपास धरायचा असतो. पण न जेवता शतपावली कशी करणार? हैबती सकाळीच आचाऱ्यामागं बसून वीस लाडू चापून आला होता. मंगलाष्टकं संपली आणि पोटात कळ उठली. भटजी म्हणाले, आता सात पावलं चाला. सातानं काय होतंय? तांदळाच्या राशी ओलांडून हैबती सरळ मांडवाबाहेर पडला. उपरण्याला शालूची गाठ, त्यामुळं गोदाही मागोमाग. माघारी फिर म्हणून आई टाहो फोडत होती. पण पोट दुखतच होतं, काम फत्ते झालं नव्हतं.

गावाच्या शिवेवर गोदानं विचारलं, "अहो, आपण चाललोय कुठं?"

"पोट दुखतंय. चाललं की थांबतं."

"माझं नाही दुखत. सकाळपासून उपाशी आहे मी."

"उपाशी आहेस म्हणून नव्हे गं," हैबतीनं समजूत घातली. "चालतेयस, म्हणून."

गोदानं त्याला नीट पाहून घेतलं. मग गाठ सोडली आणि ती मुकाट्यानं मांडवात जेवायला परत गेली.

इकडं हैबतीला एकाएकी हलकं वाटायला लागलं. मागून ओढल्यासारखं होत होतं, तेही थांबलं. आला एकदाचा गुण, असं म्हणत तो खुशीत पुढं चालत राहिला.