मागचे आसन

वेटोळ्या डोंगराच्या माथ्यावर, मठाच्या ओसरीत दगडाची दोन आसने आहेत, एकामागे एक. साडेतीन वळणे चढून धापा टाकत आलेला माणूस पुढच्या आसनाला हात जोडतो. तेव्हा जनूबुवा, म्हणजे मठाच्या महंतांचे थोरले भाऊ, त्याला हटकतात, "पाव्हणं, नीट बघा. झिजलंय कुठलं?" झिजलेले असते मागचे. मग बुवा त्याची हकिगत सांगतात.

फार पूर्वी इथे कोंडनाथ नावाचे सिद्ध राहत. माणसाच्या कण्याच्या तळाशी साडेतीन वेटोळी घालून निजलेली शक्ती, कुंडलिनी, जागी करायची विद्या त्यांच्यापाशी होती. त्यांचा थोरला शिष्य भानुबा तिच्यापायी बारा वर्षे झटत होता. त्याने मीठ सोडले, अंथरूण सोडले. रोज पहाटे तो भस्त्रिका करी, म्हणजे लोहाराच्या भात्यासारखा श्वास. पण त्याच्या कण्यात कधी मुंगीसुद्धा चालली नाही म्हणे.

एकदा मठातले चिमटे सांधायला तुळजा नावाची लोहारीण आली. ओसरीखाली भट्टी मांडून ती भाता ओढू लागली. तिचा श्वास भात्याच्या लयीत चाले, वीस वर्षे तसाच चालत आला होता. तिसऱ्या दिवशी ओढता ओढता तिचे डोळे मिटले आणि ती ताठ बसून राहिली. कोंडनाथांनी तिच्या माथ्यावर हात ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हिची जागी झाली," ते म्हणाले. "कुणी मंत्रानं जातं, कुणी नामानं, कुणी ध्यानानं. ही भात्यानं गेली."

गुरूंनी तिला मठातच ठेवून घेतले, पुढच्या आसनावर बसवले, आणि भानुबाच्या पोटात दुखू लागले. कानामागून आली आणि तिखट झाली! मीठमिरची खाते, मोठ्याने हसते, आणि हिच्यावर कृपा? गुरू तिच्याशी दोन शब्द बोलले की हा पानावरून उठून जाई.

समाधीत अंग थंड पडते, श्वास मावळतो. तेव्हा मागे बसलेल्याने टाळूवर कोमट तूप चोळून माणसाला परत आणायचे, अशी इथली रीत. उशीर झाला तर माणूस येत नाही. एके दिवशी भिक्षेला निघताना गुरूंनी तुपाची वाटी भानुबाच्या हाती दिली. "खांबाची सावली आसनाला लागली की तिला आण."

सावली आसनाला लागली. भानुबा बसून राहिला. मार्गशीर्षाच्या गारठ्यात वाटीतले तूप थिजले. तुळजाचे ओठ निळे पडले. जाऊ दे, मग पुढचं आसन माझंच, असे त्याच्या मनात अगदी स्वच्छ आले.

तेवढ्यात तिच्या खांद्यावरून त्याला तिचे मांडीवरचे तळवे दिसले. भात्याच्या दांडीने पडलेले घट्टे, जुन्या वहाणेसारखे टणक. आपली बारा वर्षे तो रोज मोजत होता. हिची वीस कुणी मोजलीच नव्हती.

तो उठून भट्टीकडे धावला. वाटी निखाऱ्यांवर ठेवली आणि चिमटा न शोधता तशीच हातांनी उचलली. भाजल्या तळव्यांनी तो तिची टाळू चोळत राहिला. बऱ्याच वेळाने तिने श्वास घेतला.

"लई येळ झाला का, दादा?"

"माझ्यामुळं झाला," भानुबा म्हणाला.

गुरू परतल्यावर त्याने सगळे सांगितले. त्यांनी त्याचे तळवे पाहिले. "अजून हेवा वाटतो?"

"वाटतो."

"मग मागंच बस. ज्याचा हेवा वाटतो, त्याच्यावरनं माणसाची नजर हलत नाही. राखणीला असलीच नजर लागते."

भानुबाची शक्ती शेवटपर्यंत जागी झाली नाही, असे सांगतात. तो तीस वर्षे मागे बसला, आणि तुळजा प्रत्येक वेळी परत आली.

आजही मठात नवा साधक आला की त्याला आधी विचारतात, "इथं कुणाचा हेवा वाटतो?" तो ज्याचे नाव घेईल, त्याच्या मागे त्याला तुपाची वाटी देऊन बसवतात. बुवा, तुम्ही कुणाचं नाव घेतलं होतं, असे एखादा पाहुणा विचारतोच. पुढच्या आसनावर डोळे मिटून बसलेल्या धाकट्या भावाकडे जनूबुवा बघतात, खांबाच्या सावलीकडे बघतात, आणि वाटी शेगडीजवळ सरकवतात.