वस्तादांची कानस

“…आणि पॉइंटच नसले, तर मग मिस्त्री लागतोच कशाला, वस्ताद?”

सुकुमार मगदूम गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून विचारत होता. जयसिंगपूरचा गडी. बारा वर्षं मिरजेत बाबालाल शिकलगारांच्या गॅरेजात हात काळे केले, आणि आता स्वतःचं गॅरेज उघडायला निघालेला. प्रश्न विचारत होता खरा, पण उत्तर घरूनच घेऊन आला होता.

वस्ताद बशीतला चहा फुंकत राहिले.

मी गॅरेजातल्या बाकावर होतो. मी म्हणजे आप्पा खोत, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. बत्तीस वर्षं डिझेलची गाडी हाकली. तिला ना पॉइंट, ना ठिणगी. त्यामुळं या ठिणगीवाल्यांचे वाद मी बिनधास्त ऐकतो. आपल्या बापाचं काय जातंय?

गाडी होती मॉरिस मायनर, सन चोपन्न, हिरवी. मिरजेच्या डॉक्टर इनामदारबाईंची. बाई अजून स्वतः चालवतात आणि दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगवर बसू देत नाहीत. सुकुमारनं मागून घेतली होती, महिनाभर.

“आधी काय होतं, आप्पा?” सुकुमार म्हणाला. सांगत होता मला, ऐकवत होता वस्तादांना. “त्या काळ्या झाकणाखाली दोन पॉइंट. टिकलीएवढे. एकमेकांना टेकायचे, सुटायचे. सुटले की ठिणगी. काजळी धरली की घासा, झिजले की गॅप लावा. चार महिने झाले की पुन्हा तेच. आता त्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलंय. टेकणं नाही, झिजणं नाही, काजळी नाही.”

“बॅटरीची अर्थिंग?” वस्तादांनी विचारलं.

“उलटी होती. जुनी इंग्रजी गाडी, पॉझिटिव्ह बॉडीला. फिरवून घेतली, डायनॅमोसकट. तशीच ठेवून जोडलं असतं तर किट पहिल्या झटक्यालाच जळालं असतं.”

“कॉइल?”

“किटला चालेल अशी बघून बदलली.”

“टायमिंग?”

“लाइट लावून बघितलं. कानानं पण बघितलं. कानानं बघायला तुम्हीच शिकवलंय.”

वस्ताद उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उचललं, वाकून वायरींवरून बोट फिरवलं.

“झकास,” म्हणाले.

आता हे ऐका. बाबालाल वस्ताद कुणाच्या कामाला सहजासहजी झकास म्हणत नाहीत. माझ्या डोळ्यादेखत बावीस शिष्य होऊन गेले; बहुतेक जण ‘बरं हाय’ एवढ्यावर घरी गेले. सुकुमारची छाती फुगली. फुगू दे की. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? आमच्या गॅरेजातलं पोरगं होतं.

त्यानं स्टार्टर ओढला. गाडी अर्ध्या फेऱ्यात लागली. मी कान टवकारून चूक शोधली. सापडली नाही.

“आणि हे बघा.”

गाडी बंद करून त्यानं पॉइंटवरच्या त्या काळ्या झाकणावर बोट ठेवलं. वर गोल, सोनेरी स्टिकर. ‘मगदूम क्लासिक्स. आत बघण्याची गरज नाही.’

“किती छापलीत?” वस्तादांनी विचारलं.

“पाचशे.”

वस्तादांनी मान हलवली. हो की नाही, ते काही कळलं नाही.

“वस्ताद…” सुकुमारचा आवाज खाली आला. “उद्या पाटी चढवतोय. कानस द्या.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

ती कानस म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. नखाएवढी रुंद, बोटाएवढी लांब, पॉइंट घासायची. बाबालाल वस्तादांना ती त्यांच्या वस्तादांनी दिली, त्यांना त्यांच्या. एकच आहे. खंडेनवमीला गॅरेजातली हत्यारं मांडून हार घालतात, तेव्हा ती मधोमध. मोठमोठे पाने आणि जॅक बाजूला. ज्याच्या हातात ती पडेल तो त्या घराण्याचा पुढचा वस्ताद. बावीस जण आले आणि गेले. कानस वस्तादांच्या खिशातच राहिली. मागायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती.

“काय करणार तिचं?” वस्तादांनी विचारलं.

“काचेत बसवणार. दारावर लावणार. खाली तुमचं नाव, त्याच्याखाली माझं.”

“आणि घासायला?”

“आता घासायला काय उरलंय, वस्ताद?”

वस्ताद हसले. थोडंसं.

“ही गाडी थांबली तर?”

“थांबणार नाही.”

“थांबली तर?”

“तर पाटी लावणार नाही. परत येऊन तुमच्या हाताखाली बसेन.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. उद्याची पाटी पठ्ठ्यानं एका वाक्यात डावाला लावली.

“बरं,” वस्ताद म्हणाले. “एवढं काम केलंस आणि तोंड गोड न्हाई केलंस. समोरून पेढं आण जा.”

सुकुमार रस्ता ओलांडून गेला.

वस्ताद गाडीपाशी आले. झाकणाच्या दोन क्लिपा अंगठ्यानं पाडल्या. झाकण उचललं, आतून काहीतरी काढलं, झाकण परत बसवलं. मी विडी पेटवेपर्यंत सगळं झालं होतं. जे काढलं ते त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं.

मी त्यांच्याकडं बघितलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

सुकुमार पेढे घेऊन आला. एक मला, एक वस्तादांना.

“चल, एक चक्कर मारून आण,” वस्ताद म्हणाले. “बघू दे मला जाताना.”

त्यानं ऐटीत स्टार्टर ओढला. इंजिन फिरलं. लागलं नाही.

पुन्हा ओढला.

पुन्हा.

“मघाशी तर…” तो म्हणाला.

वस्ताद पेढा खात होते.

सुकुमारनं मीटर काढला. किट तपासलं. ठीक. कॉइलची ठिणगी बघितली. निळी, कडक. पेट्रोल बघितलं, येत होतं. चारी प्लग काढले. एकावरही ठिणगी नाही. प्लगच्या वायरी एकेक करून मीटरवर मोजल्या. त्याही ठीक. मग पुन्हा किट तपासलं, कारण माणूस घाबरला की जे नीट आहे तेच पुन्हा पुन्हा बघतो.

चहाची दुसरी खेप आली. त्यानं कपाला हात लावला नाही. शर्ट पाठीला चिकटला होता.

मला बघवेना. याच सुकुमारचा हात, गाडी थांबली की आधी त्या झाकणाच्या क्लिपांवर जायचा. बोलता बोलता जायचा. आत पॉइंट असायचे ना. झाकण काढायचं, पॉइंट बघायचे, लग्नपत्रिकेचा तुकडा मध्ये सरकवून गॅप मोजायची, आणि ते करताना आतलं बाकीचं सगळं आपोआप नजरेखालून जायचं. बारा वर्षं मी बघितलंय. आज तो हात झाकणाच्या आजूबाजूनं फिरत होता. स्टिकरपाशी आला की वळत होता.

आपलंच छापलेलं खरं मानणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

“सगळं बघितलंस?” वस्तादांनी विचारलं.

“सगळं.”

“सापडलं?”

त्यानं मीटर पिशवीत टाकला. फोन काढला.

“कुणाला लावतोयस?” मी विचारलं.

“पेंटरला. उद्या पाटी आणू नको म्हणून सांगतो. बोललोय तर बोललोय, आप्पा. वस्तादांसमोर बोललोय.”

हे मात्र मला आवडलं. गर्व असला तरी शब्दाचा पक्का निघाला.

“फोन ठेव,” वस्ताद म्हणाले.

त्यानं ठेवला.

“डोळं मीट.”

त्यानं मिटले.

“पॉइंटवाली गाडी हाय. सांगलीच्या रस्त्याला बंद पडली. तू उतरलास. बॉनेट उघडलंस. आता?”

सुकुमारचा हात आपला आपण पुढं गेला. झाकणावर पडला. बोटांना क्लिप सापडली…

आणि हात तिथंच थांबला.

त्यानं डोळे उघडले. स्टिकरकडं बघितलं.

मग क्लिपा पाडल्या. झाकण उचललं. आत त्याचं इलेक्ट्रॉनिक जागच्या जागी, नव्यासारखं. आणि मधला दांडा उघडा. त्या दांड्यावर रोटर बसतो. कॉइलकडून आलेली ठिणगी चारी प्लगांना वाटून देतो तो. रोटर नव्हता.

त्यानं वस्तादांच्या खिशाकडं बघितलं. खिशाला काळा फुगवटा आला होता.

मला वाटलं, चिडेल. चिडायला हक्क होता त्याचा.

“तुम्ही काढलात?” त्यानं हळूच विचारलं.

“आज मी काढला. उद्या आणखी कोण तरी काढंल, न्हाईतर आपला आपण फुटंल.”

वस्तादांनी रोटर त्याच्या हातावर ठेवला. सुकुमारनं पुसला, बसवला, झाकण लावलं. स्टार्टर ओढला. गाडी अर्ध्या फेऱ्यात लागली. मघासारखीच. काम झकास होतं, त्यात वादच नाही.

त्यानं गाडी बंद केली.

कानसेचं नाव काढलं नाही. पाटीचंही काढलं नाही. वाकून झाकणावरचं स्टिकर नखानं उकरायला लागला.

निघेना. चांगल्या डिंकाचं छापून घेतलं होतं. एक कोपरा सुटला, बाकी तसंच. नख तुटलं, तरी हा खरवडतोच आहे. पाचशेतलं ते पहिलं होतं.

वस्ताद त्याच्याकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी पँटच्या खिशात हात घातला आणि काहीतरी त्याच्यापुढं धरलं.

सुकुमारनं न बघताच घेतलं, आणि घासायला लागला. सोनेरी चुरा झाकणावरून खाली पडत होता. ‘गरज नाही’ गेलं. ‘आत बघण्याची’ गेलं. शेवटी त्याचं आडनाव राहिलं, तेही गेलं. झाकण पहिल्यासारखं काळं झालं.

तेव्हा कुठं त्यानं हातात काय आहे ते बघितलं.

कानस.

चाळीस वर्षं त्या खिशातून ती दुसऱ्याच्या हातात गेलेली मी बघितली नव्हती.

सुकुमारनं ती शर्टाला पुसली. दोन्ही हातांवर आडवी धरून पुढं केली.

“वस्ताद… घ्या.”

“ठेव.”

“मी हरलो की.”

“ठेव म्हणलं न्हवं. पाटी लाव उद्या. काचंत मात्र घालू नको हिला.”

सुकुमारनं कानस तळहातावर उलटसुलट करून बघितली.

“पण वस्ताद,” तो म्हणाला, “आता एकेका गाडीतनं पॉइंट निघत चाललेत. मीच काढतोय. मग मला ही कानस लागणार कशाला?”

वस्तादांनी उरलेला पेढा तोंडात टाकला. हात झाडले.

“पॉइंट हुते तवर आत बघायची आठवण नव्हती लागत,” ते म्हणाले. “आता लागंल.”