ढालूच्या पेटीची ऊब

एक होतं कासव. त्याचं नाव ढालू. ढालू एवढासा. कनूच्या ओंजळीत मावेल एवढाच.

कनू म्हणजे घरातली छोटी मुलगी. ढालूची दोस्त.

ढालूचं घर म्हणजे लाकडी पेटी. पेटीत मऊ मऊ गवत. पेटीला छोटंसं दार. आणि वर एक पिवळा बल्ब. बल्ब लागला की पेटी गरम. पेटी गरम की ढालू खूश.

रोज सकाळी कनू यायची. ढालूच्या पाठीवर वाजवायची, टक टक! ढालू डोकं बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "भॉ!" मग कनू हसायची खुदुखुदु.

एकदा काय झालं, थंडी पडली. चांगली कडाक्याची. मोठी माणसं म्हणाली, "वा! काय गुलाबी थंडी!" रजईत बसून म्हणायला काय जातंय? ढालूला विचारा!

आणि नेमका त्याच सकाळी बल्ब गेला. चट्! फुस्स!

पेटीत अंधार. गवत गार. ढालूचं नाक गार. शेपटी तर त्याहून गार.

"हुडहुड हुडहुड!" ढालू म्हणाला. "नवा बल्ब पाहिजे बुवा."

नवा बल्ब होता कपाटावर. उंच उंच. ढालू पेटीतून निघाला. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. कित्ती भराभरा! वाटेत एक मुंगी त्याच्या पुढं निघून गेली. पण ते जाऊ दे.

ढालू आला कपाटापाशी. त्यानं मान वर केली. आणखी वर केली.

"बल्बदादा, बल्बदादा, खाली उतर."
"का रे ढालू?"
"पेटी गार झाली,
ढालूला हुडहुडी आली.
हुडहुड हुडहुड!"

बल्ब म्हणाला, "अंहं! उडी मारली तर फुटेन की मी! आधी बाबा वर चढू देत, मग मी."

ढालू निघाला. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. बाबा होते रजईत. नुसतं नाक बाहेर.

"बाबा, बाबा, वर चढा."
"का रे ढालू?"
"बल्ब उतरेना,
पेटी गार झाली,
ढालूला हुडहुडी आली.
हुडहुड हुडहुड!"

बाबा म्हणाले, "अंहं! मी हा उठलोच होतो. पण चढू कशावर? आधी स्टूल इकडं सरकू दे, मग मी."

आणि बाबांचं नाकसुद्धा रजईत गेलं. उठले म्हणे!

ढालू निघाला. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. स्टूल होतं खिडकीपाशी.

"स्टूलभाऊ, स्टूलभाऊ, जरा सरक."
"का रे ढालू?"
"बाबा चढेनात,
बल्ब उतरेना,
पेटी गार झाली,
ढालूला हुडहुडी आली.
हुडहुड हुडहुड!"

स्टूल म्हणालं, "अंहं! माझ्या डोक्यावर बघ, केवढा बोका बसलाय! आधी बोका हलू दे, मग मी."

खरंच की! स्टुलावर होता फुग्या बोका. अंगाचं वेटोळं करून बसलेला. डोकं कुठलं आणि शेपूट कुठली, काही कळेना. ढालूनं आपलं वेटोळ्याच्या मधोमध बघून म्हटलं,

"बोकोबा, बोकोबा, थोडं हला."
"का रे ढालू?"
"स्टूल सरकेना,
बाबा चढेनात,
बल्ब उतरेना,
पेटी गार झाली,
ढालूला हुडहुडी आली.
हुडहुड हुडहुड!"

फुग्यानं एक डोळा उघडला. अर्धाच. म्हणाला, "अंहं! पोटात कोमट दूध गेल्याशिवाय आम्ही हलत नाही. आधी दूध तापू दे, मग मी."

ढालू निघाला. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. आता त्याचे पाय पण गार पडले. दूध होतं ओट्यावर, पातेल्यात.

"दूधताई, दूधताई, लवकर ताप."
"का रे ढालू?"
"बोका हलेना,
स्टूल सरकेना,
बाबा चढेनात,
बल्ब उतरेना,
पेटी गार झाली,
ढालूला हुडहुडी आली.
हुडहुड हुडहुड!"

दूध म्हणालं, "अंहं! माझी मी कशी तापू? आधी आबा गॅस लावू देत, मग मी."

आबा म्हणजे बाबांचे बाबा. ते बसले होते खुर्चीत. डावा हात डाव्या कानावर. उजवा हात उजव्या कानावर.

ढालू निघाला. डुलुक डुलुक, डुलुक... डुलुक.

"आबा, आबा, गॅस लावा."
"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल! कान झाकलेत माझे!"

ढालू बिचारा मोठ्यानं म्हणाला,
"दूध तापेना,
बोका हलेना,
स्टूल सरकेना,
बाबा चढेनात,
बल्ब उतरेना,
पेटी गार झाली,
ढालूला हुडहुडी आली.
हुडहुड हुडहुड!"

आबा म्हणाले, "अंहं! दोन्ही हात कानांवर. गॅस काय नाकानं लावू? माझी कानटोपी कुणी पळवली? आधी कानटोपी येऊ दे, मग मी."

कानटोपी कुणी पळवली असेल बरं? सांगा पाहू!

ढालूला ठाऊक होतं. ढालू निघाला. डुलुक... डुलुक... डुलुक. आता तर मुंगी परतसुद्धा आली.

गोधडीत होती कनू. कनूच्या डोक्यावर होती कानटोपी. लाल लाल, गोंड्याची.

"कनू, कनू, टोपी दे."
"का रे ढालू?"
"आबा उठेनात,
दूध तापेना,
बोका हलेना,
स्टूल सरकेना,
बाबा चढेनात,
बल्ब उतरेना,
पेटी गार झाली,
ढालूला हुडहुडी आली.
हुडहुड हुडहुड!"

कनूनं टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. म्हणाली, "अंहं! टोपी काढली की मला पण हुडहुडी येईल. आधी तुझी पेटी गरम होऊ दे, मग मी."

ढालू विचार करू लागला. पेटी गरम व्हायला पाहिजे टोपी. टोपी मिळायला पाहिजे गरम पेटी. आता जायचं कुणाकडं? कुणी उरलंच नव्हतं.

ढालूला फार फार वाईट वाटलं. त्यानं डोकं आत घेतलं. टुप्! चारी पाय आत घेतले. टुप् टुप्, टुप् टुप्! शेवटी शेपटी. टुप्!

कनू हसली. तिला वाटलं, ढालू खेळतोय. तिनं पाठीवर वाजवलं, टक टक!

"भॉ" नाही.

पुन्हा वाजवलं, टक टक!

"भॉ" नाहीच.

कनूनं ढालूच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गार. गार गार फरशीसारखी गार. कनूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ढालू, अरे ढालू, ये ना बाहेर!"

आतून अगदी हळू आवाज आला, "हुडहुड."

कनूनं डोक्यावरची टोपी ओढली. सरळ ढालूला घातली! सगळा ढालू टोपीत. वर लाल गोंडा. कनूनं त्याला छातीशी धरलं. हाऽऽ हाऽऽ करून गरम गरम फुंकर घातली. एकदा घातली. पुन्हा घातली.

टोपीतून एक नाक बाहेर आलं. मग दोन डोळे.

"भॉ!"

कनू हसली खुदुखुदु. डोळ्यांतलं पाणी गालावर तसंच.

ढालू म्हणाला, "टोपी छान आहे. पण आबांची आहे."

कनू गोधडीतून उठली. ढालूला घेऊन पळाली. धुडुम धुडुम, धुडुम धुडुम! ढालू म्हणाला, "अगं अगं, हळू!" एवढ्या जोरात तो जन्मात गेला नव्हता.

"आबा, ही घ्या टोपी!"

आबांनी टोपी घेतली. आतून ढालू काढून कनूला दिला. टोपी कानांवर ओढली. आणि मग काय!

आबा उठले, गॅस लावला. फक्!
दूध तापलं. सूंऽऽ सूंऽऽ!
बोका हलला. लप लप लप!
स्टूल सरकलं. खर्रर्र!
बाबा चढले. आई गं, आई गं!
बल्ब उतरला. अलगद, अलगद.

बाबांनी जुना बल्ब काढला. नवा बल्ब बसवला. चट्! लख्ख!

पेटी गरम झाली,
ढालूची हुडहुडी पळाली!

कनूनं ढालूला गवतावर ठेवलं. ढालूनं चारी पाय लांब केले. शेपटी पण लांब केली. अहाहा! काय बरं वाटलं त्याला!

तेवढ्यात पेटीभोवती ही गर्दी! आबा आले हात शेकायला. बाबा आले पाय शेकायला. फुग्यानं तर आपली पाठच आत घातली. कनू म्हणाली, "ढालू, ढालू, जरा सरक ना. आम्हाला पण शेकू दे."

ढालूनं सगळ्यांकडं पाहिलं. एकेकाकडं, सावकाश. मग म्हणाला,

"अंहं! आज आधी मी, मग तुम्ही!"

आणि डोळे मिटून घेतले. सगळे हसले. पण सगळे थांबले हं, अगदी गुपचूप!

ढालू गेला गवतात,
ऊब आली पेटीत,
गोष्ट झाली गरम गरम,
आता तुम्ही गोधडीत.
टुप्!