चार वेद आणि एक पिल्लू

"दत्ताच्या पायाशी कुत्री चारच का रे, त्र्यंबका?"

सोमगिरी बुवांनी विचारलं आणि त्र्यंबक खुलला. काशीला चार वर्षं काढून मठात परतलेला शिष्य तो. असा प्रश्न म्हणजे त्याच्यापुढे आयतं वाढलेलं ताट.

"चार कुत्री म्हणजे चार वेद, बुवा," तो म्हणाला, आणि ऋग्वेदापासून जो सुटला तो ओसरीवरची उन्हं पायरीवर उतरेपर्यंत थांबला नाही.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग नदीच्या घाटाखालच्या गवतात उंडारणाऱ्या मठातल्या पिल्लाकडे बोट केलं.

"त्याला बोलव बरं."

त्र्यंबकाने हाक मारली. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. पिल्लाने मात्र मान वर केली नाही.

"चार वेद येतात..." बुवा म्हणाले. "हे एक येत नाही?"

त्र्यंबकाचे कान लाल झाले.

त्यात वेळ नेमकी नाजूक. खैरवाडीच्या मंडळींनी सात दिवसांच्या प्रवचनाला माणूस मागितला होता आणि बुवांनी त्र्यंबकाचं नाव दिलं होतं. त्याचं आयुष्यातलं पहिलं व्यासपीठ. पंधरा दिवसांनी त्याला न्यायला जीप यायची होती. या एका दिवसासाठी पठ्ठ्याने दहा वर्षं घोकंपट्टी केली होती.

"जीप यायच्या आत हे पिल्लू तुझ्या हाकेला आलं पाहिजे," बुवा म्हणाले. "भाकरी न दाखवता. आलं, तर तू जायचं."

"आणि नाही आलं तर?"

"तर मी जाईन. गुडघे दुखतात... पण जाईन."

पिल्लाचं नाव त्र्यंबकाने शार्दूल ठेवलं होतं. बाकी सगळा मठ त्याला भुऱ्या म्हणायचा.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सवय लागावी म्हणून त्र्यंबकाने आधी भाकरीच दाखवली. पिल्लू आलं, तुकडा उचलला आणि पसार झालं. गरज सरो, वैद्य मरो. मग तो मागे धावला. ही शिवाशिवी पिल्लाला भलतीच आवडली. शेवटी तो दरडावून बघू लागला, तर ते शेपूट घालून तुळशीवृंदावनामागे जाऊन बसलं.

मठात स्वयंपाक करणाऱ्या येसूबाई चुलीपुढून हे सगळं बघत होत्या.

"शार्दूल म्हनं!" त्या म्हणाल्या. "आवो, त्येला ठावं तरी हाय का, त्योच शार्दूल म्हनून?"

"तुम्ही भाकरी बघा, येसूबाई."

"भाकरी बगतीच हाय. करपंल तुमच्याकडं बगून."

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी दुपार कलताना त्र्यंबक घाटाच्या पायरीवर येऊन बसला. दहा वर्षांची मेहनत एका कुत्र्यापायी पाण्यात जाणार, या विचाराने त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

बुवा काठी टेकत आले आणि शेजारी बसले.

"हाक मारतोस तू. समज, तो आला. पुढे काय करतोस?"

"बांधतो."

"का?"

"आरतीला शंख वाजला की हा गळा काढतो, बुवा. लोक हसतात. म्हणून आरतीआधी बोलवायचं आणि खांबाला बांधायचं. मठात आला तेव्हापासूनचा नेम आहे. पूर्वी यायचा तरी. आता धरून आणावा लागतो."

बुवा उठून सभामंडपात गेले. थोड्या वेळाने आतून हाक आली.

"त्र्यंबका, जरा इकडे ये."

त्र्यंबक धावतच गेला. बुवांनी त्याचा हात हातात घेतला, पिल्लाची दोरी मनगटाला गुंडाळली, दुसरं टोक खांबाला बांधलं आणि ते आरतीला गाभाऱ्याकडे निघून गेले.

दर्शनाला लोक आले. खांबाला बांधलेले शास्त्रीबुवा बघून बायकांनी तोंडाला पदर लावला. पुरुषांनी नमस्कार करावा की नको, असा चेहरा केला. पिल्लू मोकळंच होतं. ते समोर बसून, मान तिरकी करून, एकटक त्याच्याकडे बघत राहिलं. शंख वाजला तेव्हा त्याने मनसोक्त गळा काढला.

आरती झाल्यावर बुवांनी दोरी सोडली. 

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ.

"त्र्यंबका, जरा इकडे ये."

त्र्यंबक उठला. चार पावलं चालला... आणि थांबला. त्याची नजर आधी बुवांच्या हातांकडे गेली. मग खांबाकडे. मग पुन्हा हातांकडे.

"पेढा देत होतो," बुवा म्हणाले.

त्र्यंबक दोन हात अलीकडेच उभा होता. आपले पाय पुढे का पडत नाहीत ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो खो खो हसत सुटला. इतका, की येसूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

दोरी त्याने त्यांनाच देऊन टाकली, कपडे वाळत घालायला. मग घाटावर जाऊन हाक मारली. "भुऱ्या!" शार्दूल पोथीत परत गेला होता.

पिल्लू आलं, पण दोन हात अलीकडे थांबलं. त्र्यंबकाने बसल्या जागेवरून हात लांबवून त्याच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "जा."

पिल्लू जाईना. त्याचा विश्वास बसला नसावा.

"जा रे, खेळ."

ते गेलं. वाटेत तीनदा मागे वळून बघितलं. घटकाभराने त्र्यंबकाने पुन्हा बोलवलं, पुन्हा खाजवलं, पुन्हा जा म्हणाला. दिवसातून दहा-पंधरा वेळा हेच. आरतीला आता शंख त्र्यंबक फुंकायचा आणि भुऱ्या सूर धरायचा. लोक हसायचे. हसू देत, त्र्यंबकाला आता त्याचं काही वाटेना.

पंधराव्या दिवशी सकाळी जीप येऊन उभी राहिली तेव्हा पिल्लू नदीपलीकडे होतं.

बुवा ओसरीवर आले. खैरवाडीची दोन माणसं, येसूबाई, सगळे बघत होते. त्र्यंबकाने एकच हाक मारली.

"भुऱ्या, ये!"

पलीकडे दोन कान उभे राहिले... क्षणभर काहीच हललं नाही. मग पिल्लाने धपकन पाण्यात उडी घेतली, गुडघाभर पाणी कापत आलं, घाट चढलं आणि चिखलाच्या चारी पायांनी थेट त्र्यंबकाच्या अंगावर झेपावलं. नव्या कोऱ्या धोतराचं पार वाटोळं झालं. त्र्यंबकाने त्या ओल्या गोळ्याला छातीशी घट्ट धरलं. त्याला इतका आनंद झाला होता, की डोळे भरून आले तरी तो हसतच होता.

धोतर बदलून तो पाया पडायला आला. काखेत जाडजूड वही होती.

"सात दिवसांचं सगळं लिहून घेतलंय, बुवा. रोजचे तीन तास. अजून काही सांगायचंय?"

बुवांनी वहीकडे बघितलं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आवाज चांगला आहे तुझा. लोक येतील," ते म्हणाले. "आले... की लवकर सोडत जा."