नाव घ्या, मगच आत!

ऐका ना, एका बागेच्या फाटकापाशी इंदू नावाची इवलीशी मुलगी आईबरोबर गजरे विकायची. आज मात्र तिचं लक्षच नव्हतं. घरी तिचा धाकटा भाऊ पिल्या तव्यासारखा तापला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "विषाणू शिरलाय. आराम, भरपूर पाणी. ताप वाढला तर लगेच आणा."

तेवढ्यात मोगऱ्याखाली कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकलं. इंदूने गजऱ्याच्या सुईने हळूच एकेक धागा सोडवला. आणि काय! अंगठ्याएवढी परी! पिवळाधम्मक झगा, चमचमते पंख!

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम आहे हं. आधी बघायचं, मग मागायचं. दिलेलं परत फिरत नाही."

"बघायचं कशाला? पिल्याचा ताप घालव!"

"आधी बघ गं, वेडाबाई!"

परीने पंख झटकले, आणि दोघी धुळीच्या कणाएवढ्या होऊन थेट पिल्याच्या नाकात! तिथे पांढरेशुभ्र, गोलमटोल शिपाई दार अडवून उभे. नव्या नवरीला उंबऱ्यावर अडवतात ना, तस्से!

"नाव घ्या, मगच आत!"

"मी? मी घरचाच की!" एक काटेरी विषाणू गोड आवाजात म्हणाला.

"कालही हीच थाप मारून शिरलास!" शिपाई घाम पुसत इंदूला म्हणाला, "याचं खरं नाव शोधतोय आम्ही. तोवर शेकोटी पेटवलीये. उष्णतेत हा ढिला पडतो."

इंदूने कपाळावर हात मारला. शेकोटी म्हणजे तर ताप! आणि आपण तीच विझवायला निघालो होतो.

"परी," ती हळूच म्हणाली, "ताप नको घालवूस. हे किती दमलेत! यांना पाणी दे."

परी हसली. "त्याला मी कशाला? तू वाटी-चमचा घे."

मग काय! नाकातून बाहेर येऊन पुन्हा मोठी झालेली इंदू पिल्याच्या उशाशी बसून घोटघोट पेज पाजत राहिली. तिसऱ्या दिवशी पिल्याच्या आत आरोळी उठली, "सापडलं नाव!" शेकोटी विझली. पिल्या उठला. "इंदूताई, भूक!"

महिन्याभराने तोच विषाणू परत आला. "मी घरचाच..."

"गप रे! तुझं नाव पाठ आहे आम्हाला!"

आक्छी! पिल्या एकदाच शिंकला आणि खेळायला पळाला.

बागेतल्या परीने ते पाहिलं. इंदूची इच्छा अजून तशीच शिल्लक होती. परीने ती मोगऱ्यावर शिंपडली, आणि स्वतः सोनेरी उजेडात विरघळून गेली. तेव्हापासून तो मोगरा रोज बहरला, आणि इंदूच्या आईची फुलांची परडी कधी रिकामी राहिली नाही.