खारवंडचे म्हातारे होडी का ढकलतात

दोष गावकाराचा, म्हणजे गावच्या प्रमुखाचा, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या जाणत्यांचा. हे आधीच सांगतो, कारण आमचे म्हातारे ही गोष्ट सांगताना नेमकं तेवढंच गाळतात. खारवंडला नारळी पुनवेला समुद्रात नारळ सोडायच्या आधी पहिली होडी पाण्यात जाते, आणि ती ढकलतात म्हातारे. छातीभर पाण्यात उतरून. तरणे वाळूवर कोरडे उभे. पाहुण्यांना हा मान वाटतो. ती शिक्षा आहे.

असं सांगतात, मोठ्या लढाईत धर्माजी टिकम किनारा राखणाऱ्या सरकारी दलात होता. पेटलेल्या बोटीवरून त्याने खलाशी उतरवले, त्याचं पदक मिळालं. श्रावणात तो रजेवर आला तेव्हा ह्याच जाणत्यांनी त्याला हार घातले. आठवडाभरात समोरच्या खडकावर एक जहाज फुटलं. माणसं फळ्यांना लटकून ओरडत होती, आणि गावच्या होड्या पावसाळ्यासाठी वाळूवर झावळ्यांनी शाकारलेल्या.

धर्माजी म्हणाला, "हात लावा."

गावकार सोमाजी जागचा हलला नाही. "नारळ सोडूक नाय, तवसर समिंदर बंद. पदक मिळाला म्हणान रीत मोडतंस?"

"काकानू, बुडतत ते काय पुनवेपर्यंत थांबतले?"

"ते आपले न्हय."

पुढे तो वाद घालत बसला नाही, म्हणे. जी होडी ढकलायला दहा-बारा जण लागतात, ती त्याने बायको आवडू आणि बहीण चंपी ह्यांना घेऊन ढकलली. ओंडक्यावरून ती घसरली ती त्याच्या पायावर. तो तसाच आत चढला, सुकाणू धरलं. वल्ही बायकांनी मारली. होडीभर माणसं किनाऱ्याला आणली. खडकावर अजून उरली होती, आणि धर्माजी उतरायला तयार नव्हता.

"आता तुमी ढकला," तो जाणत्यांना म्हणाला. "आणि ह्याच्या फुडे पयली होडी म्हाताऱ्यांनीच ढकलूची. नारळ मागसून. घेवा देवीची आण."

चंपीने सोमाजीचं बखोट धरून ओढलं, तेव्हा कुठे जाणते आण घेऊन पाण्यात उतरले. दुसऱ्या खेपेत उरलेले सगळे आले.

आजही पुनवेला म्हातारे कुरकुरतात, गुडघे धरले म्हणतात. आम्ही ऐकत नाही.

धर्माजीचा उजवा पाय मांडीपासून कापला. दलाने त्याला घरी पाठवलं. तो पुन्हा समुद्रावर गेला नाही.