फूल की मैदा

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, गुरुवार. सकाळी दाट धुके, नऊच्या सुमारास ऊन. त्या दिवशी नांदवण संस्थानच्या देवघरात ऐन पूजेच्या वेळी फुलांच्या तबकाऐवजी मैद्याची परात येऊन दाखल झाली.

सरकार अप्पासाहेब नुकतेच इंग्रजी शिकले होते आणि राजवाड्यात इंग्रजीतच हुकूम सोडत. फुलालाही फ्लावर आणि मैद्यालाही फ्लावर. लिहायला निराळे, कानाला एकच. बाहेर उभ्या असलेल्या बयाजी खिदमतगाराला आतून हाक ऐकू आली आणि त्याने नेमका मैदा नेला. सरकारांनी त्याला नोकरीवरून काढले, संध्याकाळच्या आत राहती खोलीही सोडायला सांगितली.

बयाजीची बायको ठकूबाई मुदपाकखान्यात काम करी. ती तडक सरकारांपुढे जाऊन उभी राहिली. नुसत्या कानाने हा फरक कुणालाच कळणार नाही, असे तिने सांगितले. इंग्रजीचे मास्तरही चाचरत तेच म्हणाले. सरकार हट्टाला पेटले. मास्तरांनी दहा चिठ्ठ्या लिहाव्यात, सरकारांनी एकेक उचलून शब्द उच्चारावा, ठकूबाईने बरोबर वस्तू पुढे करावी. काही विचारायचे नाही. एक जरी चुकली, तरी नवराबायको दोघांनी गाव सोडायचे.

"आणि दहाही बरोबर आल्या तर?" ठकूबाईने विचारले.

"तर तुझा नवरा कामावर."

एका हाताशी शेवंतीचे तबक, दुसऱ्या हाताशी मैद्याची परात. पहिल्या चिठ्ठीला तिने मैदा दिला. बरोबर. मग फूल, पुन्हा फूल, मग मैदा. पाचव्या चिठ्ठीला कारभारी विडा चघळायचे थांबले. सरकार आवाज बदलून बोलले, तोंडावर शेला धरून बोलले, आठव्या वेळी तर भिंतीकडे तोंड करून बोलले. ठकूबाई चुकली नाही. दहाव्या चिठ्ठीला तिने फूल पुढे केले. मास्तरांनी चिठ्ठी वाचली. फूलच होते.

"कुणी पढवलं तुला?" सरकारांनी विचारले.

"कुणी नाही, सरकार. मला दोन्ही एकसारखंच ऐकू आलं."

"मग ओळखलंस कसं?"

"आपल्यासमोर आम्ही मान वर करत नाही. मला आपले पाय तेवढे दिसत होते. मैदा मागताना ते मोजड्यांत असायचे. देवाच्या फुलाला पायात जोडा घालून हात लावायचा नाही, ही आपली लहानपणची सवय. फूल मागायचं झालं, की शब्दाच्या आधीच पाय बाहेर."

सरकारांनी खाली पाहिले. दोन्ही पाय गालिच्यावर होते.

"उद्यापासून बूट घालतो. मग बघू."

"मग तर आणखी लवकर कळेल, सरकार. नाड्या सोडायला वाकावं लागेल."

सरकार इतके हसले, की फेटा सैल होऊन खांद्यावर आला.

दुपारी चार वाजता बयाजी कामावर रुजू झाला. ठकूबाईला हिरवे जरीकाठी लुगडे मिळाले. पूजेची फुले मराठीतच मागवावीत, असा हुकूम त्याच दिवशी निघाला.